गंगाधरशास्त्र्यांना हसण्यापूर्वी

'शक्तिमान'विषयी मराठीत गंभीरपणे काही लिहू पाहणाऱ्याची दोन्हीकडून अडचण होते. आमचे सहव्यवसायी म्हणतात, पोरांची मालिका ती, तिची कसली समीक्षा करता? आणि आमच्याच वयाचे चाहते म्हणतात, आमच्या बालपणाला हात लावू नका. एकाला विषय क्षुद्र वाटतो, दुसऱ्याला पवित्र. दोघांचा निष्कर्ष मात्र एकच: गप्प बसा. आम्हाला हा निष्कर्ष मान्य नाही. आम्ही या मालिकेचे चाहते आहोत, आजही आहोत, आणि चाहते आहोत म्हणूनच तिच्याविषयी आमची एक जुनी तक्रार आहे. ती तक्रार शक्तिमानाविषयी नाही, गंगाधराविषयी आहे.

प्रथम थोडी उजळणी. 'शक्तिमान' दूरदर्शनवर सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झाली आणि मार्च २००५ मध्ये संपली. दिग्दर्शन दिनकर जानी यांचे. निर्माते आणि नायक मुकेश खन्ना, जे त्याआधी बी. आर. चोप्रांच्या 'महाभारता'त भीष्म झाले होते. या साडेसात वर्षांत आमच्या भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले (१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा निघाला), आणि शहापूर-भंडारा पट्ट्यातल्या गावांत रविवारी दुपारी बारा वाजता रस्त्यावर चिटपाखरू दिसेनासे होई. आम्ही तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गांत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात होतो. म्हणजे ही मालिका उघडपणे पाहण्याचे वय उलटून गेलेले. धाकट्या भावंडांच्या निमित्ताने, पाठीमागे उभे राहून, आपण सहज डोकावलो आहोत असा आव आणून आम्ही ती पाहिली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शनने ती पुन्हा दाखवायला घेतली तेव्हा मात्र आव आणण्याची गरज उरली नव्हती. आम्ही समोर बसून पाहिली.

त्या पुनःप्रक्षेपणात ज्या भागाने आम्हाला सर्वाधिक आनंद दिला आणि सर्वाधिक अस्वस्थही केले तो नायकाच्या उगमाचा भाग. सूर्यांशी पंथाचे महागुरू एका माणसाची निवड करतात, योगसाधनेने त्याची कुंडलिनी जागी होते, सात चक्रे उघडतात, आणि पंचमहाभूतांचे बळ त्याच्या ठायी येते. कथानक एवढेच. नेपथ्य बेताचे, धूर रंगीत, पार्श्वभूमीवर चिकटवलेले आकाश स्पष्ट ओळखू येणारे. तरीही हा भाग आम्हाला आजही धरून ठेवतो. त्याचे कारण आम्हाला असे वाटते की सामर्थ्य कुठून येते या प्रश्नाला या मालिकेने आपल्या मातीतले उत्तर दिले. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी निर्मिलेला सुपरमॅन परग्रहावरून बळ घेऊनच येतो. १९६२ चा स्पायडरमॅन कोळी चावल्यामुळे बदलतो. एकाला जन्माने मिळाले, दुसऱ्याला अपघाताने. शक्तिमानाला ते तपाने मिळते, गुरूंच्या देखरेखीखाली आणि एका नियमाच्या बंधनात. वर मागणारा आणि वर मिळाल्यावर माजणारा असुर आपल्या पुराणांत पावलोपावली भेटतो; तेच तप करून न माजणारा माणूस दाखवायचा, ही कल्पना लहान नव्हे. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की दूरदर्शनच्या त्या काळातील बालमालिकांत इतकी सुसंगत पुराणरचना दुसरी नाही. हे विधान थोडे उतावीळ आहे, पण आम्ही ते खोडून काढले नाही.

आता दुसरी बाजू. हा तपस्वी नगरात येतो आणि वेषांतर करतो. तो होतो पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, 'आज की आवाज़' या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार. पुढे आलेले दात, जाड चष्मा, चापून बसवलेले केस, आणि तोंडी संस्कृतप्रचुर हिंदी. कार्यालयात त्याने तोंड उघडले की हशा. नाव उच्चारले की हशा, कारण ते नाव संपतच नाही. प्रेक्षकाने कुठे हसायचे हे पार्श्वसंगीत सांगते, आणि आम्ही तेव्हा मनमुराद हसलो.

हे सुपरमॅनच्या क्लार्क केंटचे अनुकरण आहे हे सांगायला फारशी विद्वत्ता लागत नाही. वर्तमानपत्राचे कार्यालय, चष्मा, बुजरेपणा, शोधक वृत्तीची सहकारी स्त्री, सगळे तिथलेच. आमचा आक्षेप उसनवारीला नाही. उसनवारी करताना जे बदलले त्याला आहे. क्लार्क केंट भित्रा आहे, धांदरट आहे, म्हणून नगण्य ठरतो. त्याची भाषा मात्र इतरांसारखीच आहे. गंगाधर नगण्य ठरतो तो भाषेमुळे. नगण्यतेची खूण म्हणून मालिकेने निवडला तो व्याकरणशुद्ध, पठडीबद्ध, पाठशाळेतून आलेला शब्द. म्हणजे ज्या परंपरेतून नायकाला बळ मिळते, जिच्या कुंडलिनीवर आणि चक्रांवर हा सारा डोलारा उभा आहे, त्याच परंपरेची भाषा शहरातल्या कचेरीत आली की विदूषकी ठरते. उगमाच्या भागात जी वाणी ऐकताना आपण हात जोडावेत अशी अपेक्षा असते, तीच वाणी कचेरीत ऐकताना आपण पोट धरून हसावे अशी अपेक्षा असते. लेखकांना हा विरोध जाणवला असेल का? आम्हाला तसे वाटत नाही. जाणवला असता तर त्यांनी त्याचे काहीतरी केले असते.

कुणी म्हणेल, बोजड भाषेला हसणे हा तर विनोदाचा सनातन हक्क आहे. मान्य. मराठीत तर त्याचे शिखरच उभे आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) मधला सखाराम गटणे याच रोगाने ग्रासलेला आहे. तो बोलतो ते छापील. वाचक हसतोच. पण गटण्याला हसता हसता लेखक त्याच्या जवळ सरकतो. ती भाषा कुठून आली, त्या पोराने किती वाचले आहे, आणि त्या वाचनाचे त्याने जगण्याशी काय नाते जोडले आहे, हे प्रश्न निवेदकाला पडतात. हसणारा आणि ज्याला हसले तो, दोघेही लेखाच्या शेवटी पहिल्या जागी राहत नाहीत. गंगाधराच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. आज त्याने जे शब्द उच्चारले त्यावर हशा झाला, उद्या दुसऱ्या शब्दांवर होईल. हसणारे जिथल्या तिथे.

वेषांतराच्या आपल्या गोष्टी आठवून पाहाव्यात. विराटपर्वात युधिष्ठिर कंक होतो, भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा. द्यूत खेळताना रागावलेला विराट कंकाच्या तोंडावर फासा फेकून मारतो, रक्त येते. नंतर ओळख पटते, आणि त्या राजाची जी अवस्था होते तीच त्या कथेची खरी फळनिष्पत्ती. किंवा संतकथा घ्या. महिपतीच्या संतचरित्रांतून घरोघर पोहोचलेला विठ्ठल दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन बादशहाच्या दरबारात धान्याची रक्कम भरून येतो. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन वर्षानुवर्षे पाणी वाहतो. परमेश्वर खालच्या मानलेल्या रूपात येतो, पण त्या रूपाची टवाळी करण्यासाठी नव्हे. ओळख पटते तेव्हा ज्याला कळले नाही त्याची मान खाली जाते. आपल्याकडे वेषांतर हा पाहणाऱ्याची परीक्षा घेण्याचा प्रकार आहे. 'शक्तिमान'मध्ये ओळख पटण्याचा तो क्षण सतत पुढे ढकलला जातो, कारण तो पुढे ढकलण्यावरच मालिका चालते. परिणामी गंगाधराला हसण्याची किंमत कुणालाच चुकवावी लागत नाही. ना कचेरीतल्या माणसांना, ना घरात बसलेल्या आम्हाला. ज्यांनी भीष्माची भूमिका केली आणि महाभारताचा वारसा अभिमानाने सांगितला, त्यांच्याच मालिकेला अज्ञातवासाचा अर्थ निसटावा हे आम्हाला खटकते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खोडसाळ नाही. शक्तिमानाच्या वेषातला नायकही भारदस्त हिंदीच बोलतो, मग भाषेची थट्टा झाली कुठे? हाच मुद्दा आम्ही आमच्या बाजूने वापरू इच्छितो. तोच माणूस, जवळपास तीच शब्दकळा. छातीवर सोनेरी चक्र असेल तर ती ऐकताना सगळे स्तब्ध. डोळ्यांवर चष्मा असेल तर सगळे खिदळतात. याचा अर्थ हशा शब्दांना नव्हता. ज्याच्यापाशी बळ दिसत नाही त्याच्या शब्दांना होता. मालिकेने हे सत्य नकळत का होईना उघडे केले, पण त्याच्याकडे बोट दाखवले नाही. उलट त्या हशात स्वतः सामील झाली.

आम्ही हे इतके मनाला का लावून घेतो? कारण आम्ही मराठी शिकवतो, आणि शहापूरच्या आसपासच्या खेड्यांतून जी मुले महाविद्यालयात येतात ती झाडीबोली बोलत वाढलेली असतात. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. पाण्याचे पानी होते, डोळ्याचा डोरा, फळाचे फर. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकाने या बोलीचा आयुष्यभर पाठपुरावा केला आणि तिला तिचे व्याकरण आहे, शब्दसंपदा आहे, दंडार आणि खडी गंमत यांसारखी लोकनाट्ये आहेत हे दाखवून दिले. वर्गात मात्र काय होते? मुलगी उभी राहून निबंध वाचते, तिच्या तोंडून 'डोरा' निघून जातो, आणि मागच्या बाकांवरून हशा येतो. ती मुलगी पुढचे तीन महिने तोंड उघडत नाही. याच वर्गात एखादा मुलगा पुस्तकी शब्द वापरू लागला की त्याचे नाव ठेवले जाते 'गंगाधर'. २०२२ नंतर प्रवेश घेतलेल्या या मुलांनी मालिका पाहिलेली नाही; 'गंगाधर हाच शक्तिमान' हा विनोद त्यांच्यापर्यंत मोबाइलवरच्या चित्रांतून आला आहे. मालिकेचे तप विरले, पंचमहाभूते विरली, महागुरू कुणालाही आठवत नाहीत. टिकला तो गंगाधराचा चेहरा आणि त्याला हसण्याची परवानगी.

एकीला बोलीपायी हसले जाते, दुसऱ्याला ग्रांथिकतेपायी. दिशा उलट, पण हसणारा एकच: मधल्या भाषेवर मांड ठोकून बसलेला. 'आज की आवाज़'च्या कचेरीत जी चटपटीत हिंदी चालते तिच्या अलीकडचे हास्यास्पद आणि पलीकडचेही हास्यास्पद. आमच्या वर्गात पुणे-मुंबईच्या छापील मराठीने तीच जागा घेतली आहे. हा सारा दोष एका मालिकेचा, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. भाषेची उतरंड तिच्या आधीपासून होती. पण लाखो मुलांपुढे दर आठवड्याला हसण्याचा सराव घडवणारी गोष्ट निरुपद्रवी असते, असे म्हणणारे आमचे सहव्यवसायी कोणत्या साहित्यशास्त्राच्या आधारे बोलतात तेही त्यांनी एकदा सांगावे.

निरुपद्रवीपणाचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या जुन्या वादाबद्दल थोडक्यात. मालिका जोरात असताना, आपल्याला वाचवायला शक्तिमान येईल या समजुतीने मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत. मालिका बंद करा अशी ओरड झाली. नंतर नायकच पडद्यावरून मुलांना अनुकरण करू नका असे बजावू लागला. आम्ही त्या ओरडीच्या बाजूचे नव्हतो, आजही नाही. गजेंद्राने हाक मारली आणि विष्णू धावला, द्रौपदीने हाक मारली आणि कृष्ण धावला, या कथा सांगणाऱ्या समाजाने हाकेला धावणाऱ्या नायकाबद्दल एकाएकी दचकावे यात ढोंग आहे. एक फरक मात्र मान्य करावा लागतो. द्रौपदी संकटात असते म्हणून हाक मारते. हाक मारता यावी म्हणून ती संकट निर्माण करत नाही. कथेत हा फरक स्पष्ट ठेवणे हे लेखकाचे काम होते. ते काम शेवटी सूचनेवर ढकलले गेले. कथेतली फट सूचनेने बुजवता येत नाही.

सूचनांवरून आठवले. प्रत्येक भागाच्या अखेरीस 'छोटी छोटी मगर मोटी बातें' हे सदर येई. एखादे मूल चूक करी, शक्तिमान प्रकटून समजावी, मूल माफी मागे. शिक्षक म्हणून हा भाग आम्हाला आवडायला हवा. नाही आवडत. इसापनीतीच्या मराठी पुस्तकांतल्या 'तात्पर्या'ने कथेचा जसा गळा आवळला तसाच हा प्रकार. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त (१९३५) मुलाच्या चुकांचीच गोष्ट असते, पण ती सांगतो मोठा झालेला श्याम स्वतः. त्याच्या सांगण्यातच त्याचे उमजणे असते. इथे मूल पकडले जाते. वरून पाहणारा कुणीतरी सर्वज्ञ आहे आणि तो नेमका आपण नखे कुरतडताना येऊन उभा राहणार, या धाकाला संस्कार म्हणावे की पहारा? आमच्यात यावर एकमत झाले नाही. आमच्यातील एकाच्या घरी धाकट्या भावाने त्या सदरामुळे दात घासायला सुरुवात केली होती, आणि तो पुरावा आम्हाला मोडता आला नाही.

गीता विश्वासविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. इथे दोनच वाक्ये. आधी किटू गिडवानी आणि नंतर वैष्णवी महंत यांनी साकारलेली ही वार्ताहर संपूर्ण मालिकेतली एकमेव व्यक्ती आहे जी प्रश्न विचारते, शोध घेते, पुरावा मागते, आणि तिच्या या शोधाचा शेवट बहुतेक वेळा तिला कुणीतरी वाचवण्यात होतो. डॉक्टर जॅकालच्या रूपाने विज्ञान खलनायकाच्या पदरात टाकले गेले त्याचाही स्वतंत्र हिशेब व्हावा, विशेषतः महाराष्ट्रात, जिथे त्याच काळात जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा शाळकरी मुले वाचत होती. तो कुणीतरी जरूर करावा.

आमच्या सहव्यवसायींना मात्र आणखी थोडे बोलायचे आहे. 'लोकप्रिय ते अभ्यासबाह्य' हा दंडक मराठीत नवा नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांवर महाराष्ट्राच्या दोन पिढ्या वाचायला शिकल्या. मुखवटा, दुहेरी ओळख, कायद्याबाहेर राहून न्याय करणारा पुरुष, हे सारे त्यांनी दूरदर्शन जन्मण्याआधी मराठीत आणले. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत त्यांना कितीशी जागा मिळाली? इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत अवतरलेल्या वेताळाची भाषा कशी घडली यावर कुणी विद्यार्थी शोधनिबंध लिहू म्हणाला तर मार्गदर्शक त्याला दलित आत्मकथनांकडे किंवा ग्रामीण कादंबरीकडे वळवतात, जणू एकाचा अभ्यास केला की दुसऱ्याचा अपमान होतो. अतिमानवी नायकाची मराठी परंपरा नीट मांडलेली नसल्यामुळेच २०१५ साली निखिल महाजन यांचा 'बाजी' आला तेव्हा त्याची तुलना करायला समीक्षकांना परदेशी नावेच आठवली. काळा पहाड आठवायला हवा होता.

आणि चाहत्यांना. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'शक्तिमान'वर मोठ्या पडद्यासाठी चित्रपटत्रयी काढण्याची घोषणा झाली तेव्हापासून चर्चा एकाच गोष्टीची: नायक कोण होणार, त्याची उंची किती, शरीरयष्टी कशी, जुन्या नायकाला तो मान्य आहे की नाही. गंगाधर कसा बोलणार, हा प्रश्न आम्ही तरी कुठे ऐकला नाही. चित्रपट करणाऱ्यांपुढे दोन सोप्या वाटा आहेत. एक, त्याला तसाच दातपुढा, शुद्धभाषी विदूषक ठेवायचे आणि जुन्या हशावर नवी तिकिटे विकायची. दुसरी, तो प्रकार जुनाट म्हणून काढून टाकायचा आणि मोडके इंग्रजी बोलणारा कुणी भिडस्त तरुण त्याच्या जागी आणायचा, म्हणजे हसण्याचा रोख ग्रांथिक भाषेवरून उठून खेड्यातून आलेल्या मुलावर येईल. दुसरी वाट आम्हाला अधिक भयावह वाटते, कारण तो मुलगा आम्ही ओळखतो. तो आमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसतो.

तिसरी वाट कठीण आहे, पण ती याच मालिकेच्या उगमाच्या भागात दडलेली आहे. तपस्व्याने शहरात येऊन आपली भाषा लपवू नये, विडंबूही नये, बोलावी. कचेरीतल्यांनी हसावे. आणि एका प्रसंगी, एकदाच, सर्वांसमोर, चष्मा न काढता आणि गरगर न फिरता, गंगाधर म्हणूनच त्याने असे काही करावे की हसणाऱ्यांना आपले हसू आठवावे. विराटाच्या सभेत कंकाच्या नाकातले रक्त जमिनीवर पडू न देता सैरंध्रीने ते पात्रात झेलले होते. पटकथा लिहिणाऱ्यांनी तेवढे प्रकरण तरी एकदा वाचून घ्यावे.